शनिवार, दुपारी चार
(प्रस्तावना)

दूरचित्रवाणीवरचे काही कार्यक्रम कुणाला तरी ते मनापासून करायचे असतात म्हणून जन्माला येतात, आणि काही वेळापत्रकात भगदाड पडलेलं असतं म्हणून. ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीवर शनिवारी दुपारी चारला लागणारी कुस्ती दुसऱ्या प्रकारातली. त्या वेळी देशभरच्या मैदानांवर फुटबॉल सामन्यांचे उत्तरार्ध चालू असत, पण लीगचे सामने थेट दाखवता येत नसत. पावणेपाचच्या सुमारास निकाल वाचून दाखवले जात. लाखो घरांत 'पूल्स'ची कुपनं भरलेली असत, म्हणजे कुठले सामने बरोबरीत सुटतील यावर दर आठवड्याला थोडे पैसे लावलेले असत. त्या निकालांसाठी माणसं टीव्हीसमोर येऊन बसणारच होती. घोड्यांच्या शर्यती तोवर आटोपलेल्या असत. मधल्या पाऊण तासात दाखवायला स्वस्त, हमखास वेळेत संपणारं आणि छपराखाली होणारं काहीतरी हवं होतं. ते म्हणजे कुस्ती.

पहिलं प्रक्षेपण त्याच्याही आधीचं, 9 नोव्हेंबर 1955 चं, पूर्व लंडनमधल्या वेस्ट हॅम बाथ्समधून झालेलं. आयटीव्ही तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. बाथ्स म्हणजे नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव. हिवाळ्यात पोहायला कोण येणार, म्हणून अशा कित्येक तलावांवर फळ्या टाकून त्यांचं सभागृह करत. 2 जानेवारी 1965 ला 'वर्ल्ड ऑफ स्पोर्ट' हा शनिवारचा लांबलचक क्रीडा-कार्यक्रम सुरू झाला आणि कुस्तीला तिची चारची वेळ मिळाली. सप्टेंबर 1985 मध्ये तो कार्यक्रम बंद पडला. कुस्ती मात्र आणखी तीन वर्षं, वेळा बदलत आणि मधूनच गायब होत, डिसेंबर 1988 पर्यंत रखडली. म्हणजे एकंदर तेहतीस वर्षं. या पुस्तकाचा विषय ती तेहतीस वर्षं.

मराठी वाचक पहिल्याच पानावर विचारील, ती खोटीच ना? आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी ट्रम्प कार्डांवर अमेरिकन पैलवानांची वजनं पाठ केली, त्यांनी हा वाद चाळीच्या जिन्यात घातलेला असतो. आणि त्यांच्या वडिलांनी तोच वाद दारासिंग आणि किंगकाँग यांच्यावरून घातलेला असतो. उत्तर सरळ आहे. होय, निकाल आधी ठरलेले असत. 1985 साली जॅकी पॅलो या गाजलेल्या कुस्तीगिराने आत्मचरित्र लिहून ते छापील स्वरूपात कबूल केलं, आणि त्याचे सहकारी त्याच्यावर कायमचे रुसले. पण प्रेक्षकांपैकी फारसं कुणी दचकलं नाही. त्यांना ठाऊकच होतं, निदान अर्धंमुर्धं. तरीही तीन दशकं ते शनिवारी समोर येऊन बसत होते. ही कुस्ती लोकांना कळलं म्हणून मेली नाही, ती कंटाळवाणी झाली म्हणून मेली, आणि ती कंटाळवाणी का झाली याचा शोध मला खरंखोटं ठरवण्यापेक्षा अधिक रोचक वाटतो.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं, आणि मागे गेलं की वाटेत आपलाच माणूस भेटतो. 1910 साली गामा लंडनमध्ये गेला. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याने नाट्यगृहातून आव्हानं दिली आणि ऑगस्टमध्ये बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला झटपट आडवं केलं. पुढे 10 सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या स्टेडियममध्ये पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिश्को समोर आला. ही लढत अगदी खरी होती. झ्बिश्कोने थोड्याच वेळात ओळखलं की या माणसासमोर उभं राहणं परवडणारं नाही. तो पोटावर पालथा पडला आणि पडूनच राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलटा करायचा प्रयत्न करत होता आणि तिकीट काढून आलेले लंडनकर ते बघत होते. कुस्ती अनिर्णित सोडवली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा व्हायची होती, पण झ्बिश्को आलाच नाही, आणि विजेतेपदाचा पट्टा गामाला मिळाला.

आपल्याकडे हा प्रसंग गामाच्या थोरवीचा पुरावा म्हणून सांगतात, आणि तो आहेच. पण तिकिटं विकणाऱ्याच्या नजरेने बघा. तुल्यबळ मल्लांची खरी कुस्ती पुष्कळदा अशीच असते. पट धरून बसलेले दोन घामेजलेले देह, आणि काय चाललंय ते जाणकारालाच कळणार. खासबागेतसुद्धा जोड नुसती रेटारेटी करत राहिली की गॅलरीतून काय काय ऐकू येतं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. फरक इतकाच की आपल्याकडे जाणकारांची संख्या मैदान भरण्याइतकी होती. लंडनमध्ये ती नव्हती.

मग तिथे लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 1930 च्या दशकात 'ऑल-इन' नावाचा प्रकार बोकाळला. त्याला नियम असे नव्हतेच. खुर्च्या उडत, पंचाला मारत, चिखलात आणि मासळीच्या ढिगाऱ्यात कुस्त्या लावत. दशक संपता संपता लंडनच्या काउंटी कौन्सिलने त्यावर बंदी आणली. महायुद्ध संपल्यावर धंदा पुन्हा उभा करायचा तर अब्रू हवी होती, आणि ती उसनी मिळाली एका दर्यासारंगाकडून. ॲडमिरल लॉर्ड माउंटइव्हान्स हे कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत स्कॉटच्या हाताखालचे पहिले अधिकारी. 1947 च्या सुमारास त्यांच्या नावाने एक समिती बसली. तिच्यात ऑलिंपिकमध्ये लढलेले नॉर्मन मॉरेल होते आणि मॉरिस वेब हे खासदारही होते. ध्रुवाच्या मोहिमेवरून परतलेला ॲडमिरल, खासदार आणि पैलवान एका टेबलाभोवती बसून ठरवताहेत की लुटुपुटीच्या लढाईत कोपर कुठे मारावं आणि कुठे मारू नये! इंग्रजांच्या कारभाराचं याहून चांगलं चित्र मला तरी ठाऊक नाही.

त्या समितीने ज्या नियमावलीला नाव दिलं, ती या सगळ्या खेळाची खरी नायिका आहे, आणि पुस्तकात मी तिच्यावर बरीच पानं खर्ची घातली आहेत. लढत मुष्टियुद्धासारखी राउंडमध्ये विभागलेली, बहुधा पाच पाच मिनिटांच्या. वजनांचे सात गट. जिंकायला दोन गुण लागत. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे तीन मोजेपर्यंत टेकवले, किंवा त्याला हार कबूल करायला लावली, की एक गुण. तो दहा मोजेपर्यंत उठला नाही, तर खेळ खलास. गुण मिळाला की राउंड तिथेच संपे. मूठ वळून मारायचं नाही. माणूस खाली पडला असेल तर तो उठेपर्यंत हात लावायचा नाही. नियम मोडला की पंच घंटा वाजवायला लावून सर्वांसमक्ष ताकीद देई. तिसऱ्या ताकिदीला बाद.

आता हे सगळं ठरवून केलेलं आहे हे मनात ठेवून पुन्हा वाचा. निकाल ठरलेला असताना इतके नियम कशाला? कारण नियम नसले तर दुष्टाला दुष्टपणा करता येत नाही. अमेरिकेतल्या पुढच्या काळच्या कुस्तीत खलनायकाने खुर्ची डोक्यात घातली तरी फारसं काही वाटेनासं झालं. ब्रिटिश रिंगमध्ये एखाद्याने पडलेल्या माणसाला टाचेने नुसतं दाबलं, तेही पंचाची पाठ असताना, तर क्रॉयडनच्या फेअरफिल्ड हॉल्समधलं अख्खं सभागृह उठून उभं राहायचं. पहिली ताकीद, दुसरी ताकीद, आणि मग तो काठावर. आता तिसऱ्यांदा करील का? या एका प्रश्नावर दहा मिनिटं काढता येत. एक एक गुण झाला की शेवटचा राउंड कसा जाणार ते बघायला निकालांची वाट पाहणारा बापसुद्धा कुपन खाली ठेवी.

मिक मॅकमॅनस हा माणूस या नियमांवरच जगला. दक्षिण लंडनचा, बुटका, काळ्याभोर रंगवलेल्या केसांचा, काळ्या चड्डीतला. त्याला ताकीद कधी घ्यायची आणि कधी थांबायचं याचं गणित इतकं पक्कं होतं की तो जणू कायद्याचा पदवीधर. स्वतः सगळ्या आडवळणाच्या खोड्या करायचा आणि कुणी कानाला हात लावला की लहान मुलासारखा कळवळून ओरडायचा, कान नको, कान नको! सारा देश त्याचे कान धरायला टपलेला असे. त्याच्यासमोर जॅकी पॅलो: सोनेरी केसांची शेपटी, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, वागणं एखाद्या नाटकातल्या लाडावलेल्या नटासारखं. दोघेही खलनायकच, त्यामुळे कुणाची बाजू घ्यावी हे ठरवताना घराघरांत फूट पडायची. 1963 मध्ये एफए कप अंतिम सामन्याच्या दिवशी आयटीव्हीने या दोघांची लढत ठेवली. फुटबॉल बीबीसी आणि आयटीव्ही या दोन्ही वाहिन्यांवर होता, पण मॅकमॅनस आणि पॅलो एकाच वाहिनीवर होते. त्यामुळे सामना बघण्याआधीच प्रेक्षक कुठे जाणार ते ठरलं.

समालोचक एकच, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. केंट वॉल्टन. जन्म कैरोचा, उच्चारांत किंचित अटलांटिकपलीकडची झाक, त्यामुळे पुष्कळांना तो कॅनेडियन वाटे. कुस्तीच्या जोडीला काही काळ तो तरुणांसाठी गाण्यांच्या तबकड्या लावणारा कार्यक्रमही करत असे, आणि आवाजात ती मखमल राहिली. त्याने कधी किंचाळून सांगितलं नाही. मनगटाची पकड कुठून कुठे गेली, सुटायचं असेल तर वजन कुठल्या पायावर घ्यायला हवं, हे तो शेजारी बसलेल्या जाणत्या काकासारखं सांगायचा. या खेळाचं व्याकरण ब्रिटनच्या दोन पिढ्या त्याच्याकडून शिकल्या. आणि लढत खरी आहे की नाही याबद्दल त्याने माइकवरून एक अक्षर काढलं नाही. पडद्यामागे त्याने टोपणनावाने प्रौढांसाठीचे चावट चित्रपटही काढले. तेही अर्थात त्या मखमली आवाजात कधी सांगितलं नाही.

प्रेक्षकांचं स्वतंत्र प्रकरण आहे, तरी इथे थोडं सांगतो, कारण चित्रणं प्रथम बघणाऱ्याला धक्का त्यांचाच बसतो. पहिल्या रांगेत आज्या बसलेल्या असतात. केसांना लाटा काढलेल्या, अंगात चांगला कोट, मांडीवर पर्स. आणि खलनायक दोरखंडापाशी कोसळला की तीच पर्स त्याच्या पाठीत बसते. टोपीच्या टाचणीने टोचलेल्या, पेटत्या सिगारेटने चटके दिलेल्या जागा कुस्तीगीर अभिमानाने दाखवत. आठवडाभर चर्च, दुकान, सून आणि नातवंडं यांच्यात सभ्यपणे वागलेल्या बायकांना मोठ्याने शिव्याशाप देता येतील अशी देशात फार जागा नव्हती. वरच्या थरातही ही आवड होती. प्रिन्स फिलिप रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये येऊन कुस्ती बघून गेले. मजूर पक्षाचे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांच्या दैनंदिनीत तर राणी एलिझाबेथ टीव्हीवर बघितलेल्या कुस्तीचं हावभावांसह वर्णन करताना दिसतात.

या सगळ्या तमाशाच्या मुळाशी मात्र अस्सल विद्या होती, हे विसरून चालणार नाही. लँकेशायरच्या खाणकामगारांची 'कॅच' कुस्ती ही युरोपातली एक फार कठोर परंपरा. विगन गावात बिली रायलीची तालीम होती, लोक तिला 'सापांचं बीळ' म्हणत. पत्र्याच्या छपराखालची ती खोली आणि आपल्याकडची तांबड्या मातीची तालीम यांच्यात भाऊबंदकी शोधायला फार कल्पना लागत नाही. तिथेही पोरांना वर्षानुवर्षं रगडून काढत, आणि उस्तादाने पुरे म्हटल्याशिवाय कुणी बाहेर लढत नसे. बिली रॉबिन्सन हा कुस्तीगीर तिथेच तयार झाला. रिंगमध्ये नाटक करणाऱ्या पुष्कळांना वेळ पडली तर समोरच्याचा खांदा खरोखर निखळवता येत होता, आणि त्यामुळेच त्यांच्या नाटकातल्या पकडी खऱ्या दिसत.

मला सर्वांत जास्त आवडतात ते हलक्या वजनाचे. डंडीचा जॉर्ज किड हा त्यांचा गुरू. पाव शतक त्याच्याकडे जागतिक किताब होता आणि तो 1976 मध्ये निवृत्त झाला. त्याच्या परंपरेतला जॉनी सेंट. प्रतिस्पर्ध्याने अंगावर यावं आणि सेंटने रिंगच्या मधोमध गुडघे पोटाशी घेऊन, डोकं आत ओढून चेंडू व्हावं. आता पकडायचं कुठे? हात नाही, पाय नाही, मान नाही. समोरचा भोवती फिरतो, खाजवतो, पंचाकडे बघतो, शेवटी वाकून कुठेतरी हात घालतो आणि त्याच क्षणी स्वतः पाठीवर पडलेला असतो. स्टीव्ह ग्रे बरोबरच्या सेंटच्या लढतींत ना कुणी दुष्ट, ना कुणी सुष्ट. दोघेही हस्तांदोलन करतात, सुरेख सुटल्याबद्दल एकमेकांना टाळ्या देतात. यॉर्कशायरचा जिम ब्रेक्स याच्या अगदी उलट. हात पिरगाळण्यात पटाईत, आणि स्वतःवर उलटलं की पाय आपटून रडणारा. लोक त्याला रडूबाई म्हणून डिवचत आणि तो आणखी रडे. तंत्र आणि विनोद एकाच शरीरात इतके नांदलेले मी इतरत्र फारसे पाहिले नाहीत. ब्रॅडफर्डचा लेस केलेट आणखी वेगळा. प्यायल्यासारखा झोकांड्या खात असतानाच प्रतिस्पर्धी दोरखंडापलीकडे गेलेला असे, आणि त्याच्या वाटेला जायला सहकारी मनापासून घाबरत.

एड्रियन स्ट्रीट वेल्सच्या कोळसाखाणीतल्या कामगाराचा मुलगा. सोनेरी केस, डोळ्यांवर रंग, चमचमता झगा, प्रतिस्पर्ध्याला चुंबन देऊन पळणारा. 1973 मध्ये तो ज्या खाणीवर बापाने आयुष्य घालवलं तिथे पूर्ण साजशृंगारात गेला आणि काजळी माखलेल्या बापाशेजारी उभं राहून त्याने छायाचित्र काढून घेतलं. जेरेमी डेलर या कलावंताने पुढे त्या चित्राच्या धाग्यावरून स्ट्रीटवर एक चित्रपट केला. उद्योग मावळत चाललेल्या ब्रिटनबद्दल समाजशास्त्रज्ञांनी जे जाड ग्रंथ लिहिले, त्यांच्यापेक्षा मला ते एक छायाचित्र पुरतं.

आणि केंडो नागासाकी. सामुराईचा मुखवटा, हातात तलवार, तोंडातून शब्द नाही. बोलायचं काम जॉर्ज जिलेट या नटव्या व्यवस्थापकाचं. माणूस स्टॅफर्डशायरचा! जपानशी युद्ध संपून वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा, 1964 मध्ये, त्याने हे सोंग घेतलं. मुखवट्यामागे कोण, हा प्रश्न तेरा वर्षं टिकला. मधे एकदा बिग डॅडी या मल्लाने (त्याच्याबद्दल पुढे) दूरचित्रवाणीवर त्याचा मुखवटा ओढून काढला, तरी कुतूहल संपलं नाही. अखेर डिसेंबर 1977 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या सिव्हिक हॉलमध्ये त्याने स्वतः समारंभपूर्वक तो उतरवला. ही लढत नव्हती, विधी होता. झगे घातलेले सेवक, गंभीर निवेदन, आणि मग तासलेलं डोकं, मागे एक लांब शेंडी, टाळूवर गोंदण. मुखवटा जाळला गेला. एका क्रीडा-कार्यक्रमात भर दुपारी हे दाखवलं गेलं, आणि घरी चहा ओतणाऱ्या लोकांनी ते श्वास रोखून बघितलं. चित्रकार पीटर ब्लेक यांनी पुढे त्याचं व्यक्तिचित्र काढलं, त्यावर बीबीसीने माहितीपटही केला.

या सोंगांची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. काळ्या कुस्तीगिरांना बिबळ्याचं कातडं पांघरून यावं लागे, त्यांची डोकी दगडासारखी टणक असल्याचा विनोद दर आठवड्याला होई, आणि आज्यांच्या ओरड्यात जे शब्द असत ते आज ऐकवत नाहीत. टायगर दलिबर सिंगसारख्या शीख पैलवानाला त्यामानाने आदर मिळे, कारण पगडी आणि कुस्ती यांची सांगड इंग्रजांच्या डोक्यात गामाच्या काळापासून बसलेली होती. दारासिंगही ब्रिटनच्या सभागृहांतून लढून गेले होते, आणि ब्रिटिश रिंगमध्ये नेहमी दिसणारा कॅनडाचा जॉर्ज गॉर्डिएन्को आपल्याकडे कोलकात्यात येऊन 1959 मध्ये त्यांच्याकडून हरला होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये फ्रीस्टाइल बघून आलेल्या मुंबईकराला क्रॉयडनच्या सभागृहात फारसं परकं वाटलं नसतं, थंडी सोडली तर.

आता बिग डॅडी. हे पुस्तक वाचताना त्याच्या चाहत्यांना माझा राग येणार, ते मी गृहीत धरलं आहे.

हॅलिफॅक्सचा शर्ली क्रॅबट्री. नाव बायकी, शार्लट ब्राँटेच्या कादंबरीवरून चालत आलेलं. तरुणपणी देखणा, पिळदार आणि बऱ्यापैकी अपयशी. मधली बरीच वर्षं तो कुस्तीपासून लांबच होता. सत्तरच्या दशकात परत आला तो प्रचंड होऊन, दीडशे किलोंच्या पुढे, छाती 64 इंच. धंद्याची सूत्रं तोवर त्याच्या भावाकडे, मॅक्स क्रॅबट्रीकडे आलेली होती. आयटीव्हीला कुस्ती पुरवण्याचा मक्ता जॉइंट प्रमोशन्स या 1952 पासूनच्या मंडळाचा, आणि त्या मंडळात कोण जिंकणार हे आता मॅक्स ठरवणार होता. सुरुवातीला बिग डॅडी खलनायक होता, जायंट हेस्टॅक्सचा जोडीदार. हेस्टॅक्स म्हणजे मार्टिन रुएन, उंची पावणेसात फुटांच्या वर, दाढीमिशा वाढलेला, अंगात गोणपाटासारखे कपडे. मग ही जोडी फुटली, बिग डॅडी मुलांचा लाडका झाला. चमकदार टोपी, घरच्या सोफ्याच्या कापडातून बायकोने शिवलेला पोशाख, आणि सभागृहभर एकच घोष: ईझी! ईझी!

त्याला कुस्ती करता येत नव्हती असं नाही. त्या वजनाला आणि वयाला ती झेपत नव्हती. मॅक्सने त्यावर तोड काढली ती जोडीच्या लढतींची. बिग डॅडीबरोबर एक कोवळा, चपळ पोरगा द्यायचा. पंधरा मिनिटं दोन राक्षसांनी त्या पोराला बदडायचं. पोरगा सरपटत कोपऱ्यापर्यंत येऊन हाताला हात लावतो, डॅडी आत येतो, पोटाने दोघांना उडवतो, अंगावर पडतो, संपलं. त्या कोवळ्या पोरांत डायनामाइट किड होता, डेव्ही बॉय स्मिथ होता, जपानहून आलेला सातोरू सायामा होता, ज्याला इथे सॅमी ली म्हणत. जगातले उद्याचे सर्वोत्तम कुस्तीगीर इथे एका लठ्ठ माणसाच्या प्रवेशाआधीची वेळ भरून काढत होते. 18 जून 1981 ला वेंब्ली अरेनामध्ये डॅडी आणि हेस्टॅक्स यांचा महासंग्राम झाला. सभागृह खचाखच भरलेलं. लढत पुरी तीन मिनिटंही चालली नाही.

सुरुवातीला हा सौदा फायद्याचा होता, हे मान्य करायला हवं. मुलं आली, मुलांबरोबर आईबाप आले, साप्ताहिकात त्याच्यावर चित्रकथा आली. पण ज्या नियमावलीवर सगळा डोलारा उभा होता तिची आता गरजच उरली नाही. डॅडी हरणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग ताकिदीला काय अर्थ, दुसऱ्या गुणाला काय अर्थ? राउंड ही निव्वळ घंटा झाली. पूर्वी निकाल ठरलेला असे, पण प्रेक्षकाला तो माहीत नसे. आता प्रेक्षकालाही माहीत होता. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर नुरा कुस्ती चालते, जोवर ती नुरा आहे याची शंका घ्यायला जागा उरते. चांगली पोरं एकेक करून जपान-कॅनडाला निघून गेली. प्रतिस्पर्धी आयोजकांनी बाहेरच्या सभागृहांत अधिक चुरशीचे कार्यक्रम लावले, नागासाकीही तिकडे गेला.

ऑगस्ट 1987 मध्ये ग्रेट यार्मथच्या हिप्पोड्रोममध्ये बिग डॅडीने नेहमीप्रमाणे माल कर्क या कुस्तीगिराच्या अंगावर उडी टाकली. नेहमीप्रमाणे कर्क उठला नाही. मग लक्षात आलं की तो खरोखरच उठत नाहीये. त्याचं हृदय आधीपासून दुबळं होतं असं चौकशीत निघालं आणि क्रॅबट्रीवर ठपका आला नाही. हा प्रसंग दूरचित्रवाणीवर नव्हता. त्यावर मी वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही, लिहावंसं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी ग्रेग डाइक यांनी कुस्ती बंद केली. आयटीव्हीच्या खेळांची सूत्रं त्यांच्या हाती आली होती आणि कुस्ती, डार्ट्स असले प्रकार वाहिनीला म्हातारी आणि गरीब दाखवतात असं त्यांचं मत होतं. जाहिरातदारांना तरुण आणि पैसेवाला प्रेक्षक हवा होता. जुने चाहते आजही डाइकना शिव्या घालतात. त्यांच्या निर्णयात कामगारवर्गाच्या करमणुकीबद्दल तुच्छता होती, यात शंका नाही. पण डाइकनी जे पुरलं ते आधीच बरंचसं थंड पडलेलं होतं. मक्ता दोन वर्षांपूर्वीच फुटला होता, आणि त्याच वेळेत अधूनमधून अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती-कंपनीचे भाग दाखवले जाऊ लागले होते. रोषणाई, संगीत, डोंगराएवढी शरीरं. त्यांच्यासमोर प्रेस्टनच्या गिल्ड हॉलचा पिवळा उजेड केविलवाणा दिसला.

विद्या मात्र तोवर परदेशांत पोचली होती. एप्रिल 1981 मध्ये टोकियोत डायनामाइट किडसमोर वाघाचा मुखवटा घालून एक अनोळखी माणूस उभा राहिला. तो म्हणजे ब्रिटनमध्ये सॅमी ली म्हणून वावरलेला सायामाच. त्या दोघांनी जे केलं त्याने जपानमधल्या हलक्या वजनाच्या कुस्तीची दिशा बदलली. मार्क रोको मँचेस्टरकडून जाऊन तिथे 'ब्लॅक टायगर' झाला. बिली रॉबिन्सनने जपानी पोरांना विगनच्या पकडी शिकवल्या. जॉनी सेंट पंचाहत्तरी ओलांडल्यावर, 2018 मध्ये, त्याच अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश कार्यक्रमाचा नामधारी व्यवस्थापक म्हणून पडद्यावर दिसला. आज अमेरिकेत कुणी पोरगा मनगटाच्या पकडीतून कोलांटी मारून सुटतो आणि समालोचक त्याची तारीफ करतात, तेव्हा त्याच्या मुळाशी डंडीचा जॉर्ज किड असतो.

वाचकाला एक सूचना करून थांबतो. सुरुवातीच्या वर्षांची चित्रणं फारच थोडी उरली आहेत. पहिल्या दशकाबद्दल जे लिहिलं आहे ते बव्हंशी छापील कार्यक्रमपत्रिका, वृत्तपत्रं आणि आत्मचरित्रं यांच्या आधाराने, आणि कुस्तीगिरांची आत्मचरित्रं किती विश्वासाने वाचायची ते आपण जाणताच. सत्तरच्या दशकातल्या लढती मात्र भरपूर आहेत. पुस्तक वाचण्याआधी सेंट आणि ग्रे यांची एखादी लढत जरूर बघा. पहिले दोन राउंड काहीच घडत नाही असं वाटेल, तरी बंद करू नका. वॉल्टनचा आवाज चालू ठेवा, आणि ग्रेच्या डाव्या हाताकडे लक्ष असू द्या. पहिला गुण कुठून येणार आहे ते तो हात बराच वेळ आधी सांगत असतो.